साखरेची दुसरी गोळी

बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या, की आम्हा बायकांत गोळ्यांचं बोलणं निघतंच. त्यात एक वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो, "डॉक्टरांनी शुगरची दुसरी गोळी वाढवली, म्हणजे आता माझं काही खरं नाही." काही जणी ती दुसरी गोळी आणतात आणि डब्यात ठेवून देतात. पहिलीवरच भागवतात. म्हणून आज या दुसऱ्या गोळीबद्दल बोलू.

आपल्यातल्या बहुतेकींना असतो तो टाइप टू मधुमेह. यात शरीर इन्सुलिन तयार करतं, पण ते नीट लागू पडत नाही. शिवाय वर्षं जातात तशी स्वादुपिंडाची ताकदही कमी होत जाते. पथ्य पाळूनही हे होतं. म्हणजे पाच वर्षं पुरलेली एक गोळी सहाव्या वर्षी पुरली नाही, तर तो तुमचा गुन्हा नाही. सासूबाई काहीही म्हणोत!

मग पहिलीच दुप्पट का देत नाहीत? आधी वाढवतातच, पण त्याला मर्यादा असते. घर दोन ठिकाणी गळत असेल, तर एकाच जागी दोन पत्रे ठोकून काय होणार? पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिन असते. ती यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि इन्सुलिन नीट लागू पडायला मदत करते. जेवणासोबत घेतली की पोटाला त्रास कमी होतो. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्या जेवणानंतर वाढणारी साखर आवरतात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांतही त्यांचा फायदा होतो. एम्पाग्लिफ्लोझिन महाग होती, पण मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. या दोन्हींनी काही जणींना खाली खाज सुटते, बुरशी होते. लाजून गोळी बंद करू नका, नर्सताईंना सांगा, त्यावर साधा इलाज आहे.

आता उपवासाचं. सकाळी ग्लिमेपिराईड घेतली आणि दिवसभर काही खाल्लं नाही, तर गोळी आपलं काम करतच राहते आणि साखर फार खाली जाते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरातले म्हणतात, उपवासानं चक्कर आली. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही, या जोडीवर होतं. वटपौर्णिमा असो की नवरात्राचे नऊ दिवस, त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, किती घ्यायची, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. (आणि साबुदाण्याची खिचडी दोन वेळा खाल्ली तर साखर खाली नाही, वर जाते, तेही ध्यानात असू द्या.) थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा प्या, मग काहीतरी खा. बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

दुसरा घोळ पाकिटांचा. दोन औषधं एकाच गोळीत घालूनही मिळतात. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि आतली औषधं बारीक अक्षरात. आमच्या गटातल्या एका ताईंना एका दवाखान्यातून अशी जोडगोळी मिळाली. जुनी बंद करा असं कुणी सांगितलं नाही. त्या जुनी मेटफॉर्मिनही घेत होत्या, म्हणजे तेच औषध दोनदा. पोट बिघडलं, जेवण जाईना. त्यांच्या लेकीनं बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडा झाला. म्हणून नवी गोळी हातात आली की विचारा, "जुनी चालू ठेवायची का?" दुकानदारालाही विचारा. आणि शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी घेऊ नका. तिचं मूत्रपिंड वेगळं, आपलं वेगळं. मेटफॉर्मिनचा डोस त्यावरच ठरतो, म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासून घ्यायचं.

गोळी वाढवल्यावर बोटातलं एका दिवसाचं रक्त पाहून निकाल लावू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करा. बऱ्याच जणींसाठी ती ७ च्या खाली असावी असं डॉक्टर धरतात, वय जास्त असेल तर थोडी सूट देतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि तळपायाला मुंग्या येत असतील, तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासायला सांगा, ते या गोळीनं कमी होऊ शकतं.

जन औषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या खूप कमी किमतीत मिळतात. तिथे कंपनीच्या नावानं नाही, औषधाच्या नावानं मागावं लागतं. त्यासाठी पुढच्या बैठकीला आपापली पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी असली तरी चालतील. बारीक अक्षरातली नावं आपण मोठ्या अक्षरात वहीत लिहून घेऊ.