सुपारीच्या गावी दंतारोग्याचे शिक्षण
ज्या चौलच्या वाड्यांतील सुपारी घरोघरच्या पानदानांत मानाने विराजमान झाली, त्याच चौलच्या तरुणतरुणींनी मुखारोग्यरक्षणाचा पेशा पत्करावा, यात मला विसंगतीपेक्षा औचित्यच अधिक दिसते. कारण सुपारीच्या नित्य चर्वणाने गालांची आतील त्वचा ताठरून तोंड उघडेनासे होऊ लागते, हे लक्षण दातांवरील कीटण काढता काढता 'डेंटल हायजिनिस्ट' या दंतवैद्याच्या साहाय्यकाच्या दृष्टीस लवकर पडू शकते. अशा साहाय्यकांचे पहिले विद्यालय 1913 साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी काढले. आपल्याकडे 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने या पेशास स्वतंत्र नोंदवहीसह मान्यता दिली. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेतलेल्या उमेदवारास दंत महाविद्यालयात दोन वर्षांची पदविका घेता येते, आणि तीत शरीररचना, जंतुशास्त्र, उपकरणांचे निर्जंतुकीकरण यांइतकेच महत्त्व प्रत्यक्ष रुग्णांवरील हातकामास असते. पुढे राज्य दंत परिषदेच्या दफ्तरी नाव दाखल करावे लागते; रोगनिदान व दात काढणे मात्र दंतवैद्याच्याच अखत्यारीत. लहान खाजगी दवाखान्यांत कीटण काढण्याचे काम बहुधा डॉक्टर स्वतःच उरकतात, तेव्हा नोकरीचा शोध मोठ्या रुग्णालयांपासून आरंभणे व्यवहाराचे.