गाठीच्या तुकड्याचा पहिला तास

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा तपशील अहवालात स्वतंत्रपणे दिला आहे. आज एका देणगीविषयी बोलावयाचे आहे. आपल्या एका देणगीदारांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ, स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकीय तपासणीसाठी आरटी-पीसीआर यंत्र देऊ केले. आम्ही त्यांना तूर्त थांबण्याची विनंती केली. देणगीला 'थांबा' म्हणणे प्रशासनाला जडच जाते. म्हणून कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे.

स्तनाच्या अनेक गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात. अंडाशय काढल्यावर असा कर्करोग मागे हटल्याचे ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु प्रत्येकीला गुण येत नसे. संप्रेरक धरून ठेवणारे ग्राही प्रथिन काही गाठींत असते, काहींत नसते, हे पुढे शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून उमगले. ज्यांच्या गाठीत ते आहे, त्यांनी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे घेतल्यास या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांच्यात नाही, त्यांना त्या गोळीचा उपयोग नाही. गोळी स्वस्त आहे. ती मिळणे न मिळणे मात्र अहवालातील एका शब्दावर ठरते.

नेहमीची तपासणी मेणात बसविलेल्या तुकड्याच्या पातळ कापावर रंग देऊन होते. आरटी-पीसीआर त्याहून सूक्ष्म. २०२० पासून हा शब्द घरोघरी पोहोचलाच आहे. ग्राही प्रथिन बनविण्याचा जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, पेशीत किती आहे हे ती मोजते. दर आवर्तनाला प्रती दुप्पट होतात. तीस आवर्तनांत एकाच्या १०७ कोटी होऊ शकतात. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हांस हे चक्रवाढ व्याजासारखे वाटते. पण व्याज मुद्दलावर चढते, आणि येथील मुद्दल फार नाजूक आहे. रक्तपुरवठा तुटताच तुकड्यातील आरएनए बिघडू लागतो. हाताच्या त्वचेवरील विकरांनीही तो तुटतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. एका शनिवारी सायंकाळी आमच्याच शस्त्रक्रियागृहातून निघालेला नमुना न कापता लहान बरणीत कोंबला गेला आणि सोमवारपर्यंत तसाच राहिला. फॉर्मॅलिन अतिशय सावकाश मुरते. आतला भाग कोराच राहिला. चूक सर्वस्वी आमची. तपासणी 'निगेटिव्ह' आली. सुदैवाने आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या लक्षात आले की, गाठीशेजारच्या निरोगी नलिकांनीही रंग घेतलेला नाही. तो काही पेशींत तरी दिसावयास हवा होता. त्यांनी अहवाल रोखला. शस्त्रक्रियेपूर्वी सुईने घेतलेल्या तुकड्यावर पुन्हा तपासणी केली. ती 'पॉझिटिव्ह' निघाली. त्या भगिनी आज गोळी घेत आहेत. सर्व हकिगत सांगितल्यावर त्यांच्या मुलीने विचारले, "साहेब, सुईचा तुकडा ठेवलाच नसता तर?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

नमुना तासाभरात, योग्य तेथे कापून, फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहावा, असा मान्य दंडक आहे. त्यासाठी सायंकाळी व रविवारी एक तंत्रज्ञ, मोठ्या बरण्या, ताजे फॉर्मॅलिन आणि घड्याळ लागते. बरणीवर कोणाच्या मातोश्रींचे नाव कोरता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही देणगीदारांनी रक्कम या कामाकडे वळविण्यास संमती दिली आहे. एकवीस जनुकांची चाचणी ज्यांना आवश्यक असेल, त्यांचे मेणाचे ठोकळे बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठविता येतात; तेथेही ठोकळा चांगला असावा लागतोच.

यंत्राचा प्रस्ताव दोन वर्षांनी मंडळापुढे पुन्हा येईल. नमुना काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिण्यासाठी आता नोंदवहीत दोन रकाने आहेत. वही कोणाही विश्वस्तांना पाहता येईल. रविवारचे काही रकाने अद्याप कोरे आढळतात.