पानात मासळी नसली तरी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



अडतीस वर्षे आम्ही फळ्यापुढे उभे राहून बोललो. परंतु चुलीपुढच्या विषयावर बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. आम्ही पडलो जुने मॅट्रिक; पाकशास्त्रात तर बिगरीतलेच. तथापि चिटणीसांनी आग्रह धरला आणि आमच्या घरी घडलेली एक गोष्ट आपणांस सांगण्याजोगी वाटली, म्हणून उभे राहण्याचे धाडस केले आहे.

आपली ज्ञाती समुद्रकाठची. मासळीवाचून आपल्याला घास गोड लागत नाही, हे लपविण्याचे कारण नाही. श्रावण पाळावयाचा तोही गटारीला भरपेट जेवून आणि गणपतीच्या विसर्जनाकडे डोळे लावून! अशा आमच्या घरात २०१७ साली धाकटी सून आली ती पूर्ण शाकाहारी घरातून. मुलगी गुणी. तिने कोणाच्या ताटाविषयी कधी नाक मुरडले नाही. पुढे २०१८ साली तिला दिवस राहिले आणि मासळीचा वासही सहन होईना. तेव्हा बाळंतपण होईपर्यंत घरात मासळी शिजवू नये, असे आम्ही ठरविले.

आमचे थोरले बंधू दर रविवारी आमच्याकडे जेवावयास येत. वहिनी निवर्तल्यापासूनचा तो परिपाठ होता. नव्या व्यवस्थेनंतर दोन रविवार त्यांनी दुधीची भाजी आणि वरणभात मुकाट्याने गिळला. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत, चौथ्यासही नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि मास्तरकीच्या सवयीने अहिंसेवर, प्रकृतीवर आणि सुनेच्या अवस्थेवर अर्धा तास व्याख्यान दिले. परिणाम असा झाला की, ते आमच्याशी बोलेनासे झाले. सून मनातून खंतावली; आपल्यामुळे दोन भाऊ तुटले, असे तिला वाटू लागले.

त्या वेळी आमच्या आत्या हयात होत्या. वय ऐंशीच्या पुढे. सर्व हकीकत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "अरे बाबा, तो माशाक रडणा नाय, चवीक रडता." आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात दाखल झाल्या. पिशवीत काळे वाटाणे होते.

आत्यांनी सुनेला शेजारी बसवून जे शिकविले, ते आम्ही दाराशी खुर्ची टाकून लिहून घेतले. चौघांना पाव किलो काळे वाटाणे रात्री भिजत घालावे आणि सकाळी अगदी मऊ शिजवावे. शिजल्याचे पाणी ओतून देऊ नये. दोन मोठे कांदे उभे चिरून आणि अर्ध्या नारळाचे खोबरे किसून, दोन्ही निरनिराळी थोड्या तेलावर परतावी. रंग तांबूस-तपकिरी झाला पाहिजे, काळा नव्हे. त्यात आले-लसूण घालून बारीक वाटावे. मूठभर शिजले वाटाणेही त्या वाटपात वाटावे, म्हणजे रस दाट होतो. कांद्याच्या फोडणीवर दोन चमचे मालवणी मसाला, मग वाटप, मग वाटाणे पाण्यासकट, मीठ आणि शेवटी चार आमसुले. बरोबर तांदळाच्या पिठाचे, उडीद-मेथी-धणे घातलेले वडे. कोंबडीबरोबर करतात तेच.

यात नवल ते काय, असे येथील वडीलधाऱ्या भगिनी म्हणतील. खरेच नाही. परंतु हे का जमते, याचा आम्ही पुढे विचार केला. मांसाहारी मनुष्यास भाजीचे जेवण अळणी वाटते, कारण त्यात बहुधा चार गोष्टी उणी असतात: भाजल्याचा खमंगपणा, दाताखाली येणारे काही, आंबट-तिखटाचा जोर आणि रसाचा दाटपणा. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, साखर आणि प्रथिनांतील आम्ले एकत्र तापली म्हणजे तपकिरी रंग व सुवास उत्पन्न होतो. भाजलेल्या मांसाचा वास आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास यांच्या मुळाशी ही एकच क्रिया आहे. तसेच १९०८ साली जपानचे किकुनाए इकेडा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळे काढले व त्या रुचीला 'उमामी' नाव दिले. मांस-मासळीतील ही रुची टोमॅटोत आणि अळंब्यांतही असते. आत्यांना ही दोन्ही नावे ठाऊक नव्हती. पण त्यांच्या हाताला मर्म ठाऊक होते.

याच न्यायाने आपल्या घरातील जुने पदार्थ पाहा. सुरणाचे काप आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात ठेवून खाज घालवावी, आणि तिखट-मीठ व तांदळाचा रवा लावून तव्यावर कुरकुरीत करावे, सुरमईच्या तुकड्याप्रमाणेच. निरफणसाचे कापही तसेच. कोवळ्या फणसाची भाजी गरम मसाल्यात केली तर दाताखाली रेषा येतात. बंगालात कोवळ्या फणसाला 'झाडावरचा बोकड' म्हणतात ते उगीच नव्हे. चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ, आणि सोललेल्या वालाचे बिरडे नारळाच्या दुधात. बांगड्यात घालतो ते तिरफळ खतखत्यातही घालावे. मात्र ठेचून घालावे, वाटू नये.

एक सावधगिरीही सांगतो. कडधान्यांत प्रथिने भरपूर आहेत. परंतु ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ज्यांनी दूधदहीसुद्धा सोडले असेल, त्यांनी त्याबाबत डॉक्टरांस विचारावे. आम्ही कोणास मासळी सोडा म्हणत नाही. आम्ही स्वतः सोडलेली नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, श्रावण असतो, घरात कोणी आजारी किंवा पाहुणा असतो. त्या दिवशी पान रिकामे वाटू नये, इतकेच आमचे मागणे. आणि भाजीला मासळीचे नाव देऊन कोणास फसवू नये. वाटाण्याला वाटाणा म्हणूनच मान द्यावा.

आता बंधूंची हकीकत पुरी करितो. त्या रविवारी आम्ही बोलाविण्यास गेलो नाही. सून स्वतः गेली. "दादा, आज वडे केले आहेत," एवढेच म्हणाली. ते आले. बोलले काही नाहीत. पाच वडे खाल्ले, वाटी दोनदा पुढे केली, हात धुतला आणि दारातून वळून सुनेला म्हणाले, "फुडच्या आयताराक वाटाणे जरा जास्ती घाल." आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे मोडले, ते पाव किलो वाटाण्यांनी सांधले गेले. वाद घालून कोणाची जीभ वळत नाही, हे आम्हांस साठीच्या उंबरठ्यावर कळले!

आत्या २०२१ साली गेल्या. त्यांची वाटाण्याची आमटी आमच्या वहीत आहे. पण त्या केळफुलाची भाजी ज्या तऱ्हेने करीत, ती आम्ही लिहून घेतली नाही. सून अनेकदा प्रयत्न करिते. ती चव येत नाही. म्हणून आमची मंडळास व आपणां सर्वांस नम्र विनंती आहे की, प्रत्येक घराने आपल्या आजीचा, आत्याचा, काकीचा एक तरी बिनमासळीचा पदार्थ मापासकट लिहून काढावा आणि पुढील स्मरणिकेसाठी पाठवावा. 'अंदाजाने घालावे' असे लिहू नये. अंदाज माणसाबरोबर जातो.

जेवणाची वेळ झाली आहे, आणि आज पंगतीत वाटाणे आहेत असे समजते.