घामाची परीक्षा : नवी साधने आणि आपले कर्तव्य

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे घामाविषयी चार शब्द बोलणार आहे. निढळाच्या घामाची भाकरी असे आपण म्हणतो, तेव्हा घामाकडे कष्टाची खूण म्हणून पाहतो. अलीकडे मात्र शास्त्रज्ञ घामाकडे शरीराचा अहवाल म्हणून पाहू लागले आहेत. त्वचेवर चिकटवावयाच्या व मनगटावर बांधावयाच्या काही साधनांनी घाम टिपून घेऊन त्याचे पृथक्करण जागच्या जागी करता येते. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. शास्त्रज्ञांचे म्हणणे लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेणे हे माझ्या खात्याचे काम आहे आणि त्याच नात्याने मी बोलत आहे.

माणसाच्या त्वचेत घाम स्रवणाऱ्या सुमारे २० ते ४० लाख ग्रंथी असतात. घामाची वाफ होताना ती शरीरातील उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम वाळला, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हे कार्य घाम वाळण्याने होते, नुसता गळण्याने नव्हे. आपल्या किनारपट्टीची हवा दमट असल्यामुळे घाम लवकर वाळत नाही. तो टपकून जमिनीवर पडतो. अशा वेळी पाणी व मीठ तर जाते, पण अंग थंड होत नाही. मिठागरात, शेतात किंवा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्यांना याचा अनुभव नित्याचा आहे.

घामात मुख्यतः पाणी असते; त्याखेरीज मीठ, थोडे पोटॅशियम, लॅक्टेट, युरिया आणि अत्यल्प साखर असते. मिठाचे प्रमाण मात्र माणसागणिक बदलते. कोणाच्या घामात लिटरमागे एक-दीड ग्रॅम मीठ, तर कोणाच्या घामात चार ग्रॅमपर्यंत. म्हणूनच एकाच उन्हात, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला पेटके येतात व दुसऱ्याला येत नाहीत.

मिठाचे हे महत्त्व कष्टकऱ्यांच्या हालांतूनच जगाला उमगले. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम चालू असता १९३१ च्या उन्हाळ्यात अनेक मजूर उष्णतेने दगावले. पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथे जाऊन मजुरांची तपासणी केली. घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही, हे पेटक्यांचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले आणि पाण्याबरोबर मिठाकडेही लक्ष दिले जाऊ लागले.

दुसरी हकीकत बालकांची आहे. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली असता, उष्णतेने ग्लानी येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाची मुले अधिक असल्याचे डॉ. पॉल दी सांताग्नेसे यांच्या लक्षात आले. त्यातून शोध घेता, या मुलांच्या घामात मीठ फार असते, हे १९५३ साली प्रसिद्ध झाले. १९५९ साली गिब्सन व कुक यांनी, पायलोकार्पीन हे औषध सौम्य विद्युत्प्रवाहाने त्वचेत उतरवून घाम आणण्याची पद्धत सिद्ध केली. या रोगाच्या निदानासाठी आजही घामातील क्लोराइडच मोजतात. ते लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक आढळल्यास रोगाची दाट शंका घेतली जाते. मूल अंगाला खारट लागत असेल, त्याचा खोकला हटत नसेल आणि वजनही वाढत नसेल, तर मातांनी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आता नव्या साधनांकडे वळू. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अली जावी, वेई गाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचिक पट्टीवर बसविलेले असे एक साधन प्रसिद्ध केले, जे घामातील साखर, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम एकाच वेळी मोजून आकडे बिनतारी पद्धतीने मोबाइलवर पाठविते. त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने नाण्याएवढी मऊ चकती तयार केली. तिच्यातील बारीक नलिकांत घाम आपोआप चढतो व तेथील रसायनांचा रंग पालटतो. मोबाइलने छायाचित्र घेतले, की रंगावरून प्रमाण कळते. २०२१ साली अशाच तऱ्हेची घामपट्टी खेळाडूंसाठी अमेरिकेच्या बाजारात आली.

ही प्रगती कौतुकास्पद आहे. तरीही तिच्या मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे. पाणी व मीठ किती गेले, हे सांगण्यात ही साधने उपयोगी ठरत आहेत. साखरेचे तसे नाही. रक्तातील साखरेच्या मानाने घामातील साखर सुमारे शंभरावा हिस्साच असते. त्वचेवरील मळाने वा घाम कमीजास्त येण्यानेही आकडा बदलतो. त्वचेला टोचल्यावाचून रक्तशर्करा सांगतो असा दावा करणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. कोणी असे घड्याळ विकावयास आला, तर मधुमेही बंधुभगिनींनी त्याच्या आकड्यावरून इन्शुलिनची वा गोळ्यांची मात्रा कदापि बदलू नये. त्यात जिवाला धोका आहे.

याहून गंभीर एक प्रश्न मी विशेषतः अधिकारीवर्गापुढे ठेवू इच्छितो. घाम साक्ष देऊ शकतो. अमेरिकेतील काही न्यायालये २००३ पासून मद्यपानाच्या गुन्ह्यांतील व्यक्तींच्या घोट्याला असे यंत्र बांधवितात, की जे त्वचेवाटे बाहेर पडणारा मद्यार्क टिपते. तेथे निदान न्यायालयाचा हुकूम तरी असतो. उद्या एखाद्या ठेकेदाराने मजुराच्या दंडावर पट्टी चिकटवली, तर ती कशासाठी? त्याला वेळेवर सावलीत बसविण्यासाठी, की तो किती राबला हे मोजून मजुरी कापण्यासाठी? पट्टी एकच, पण पहिल्या उपयोगात माणुसकी आहे, दुसऱ्यात पिळवणूक. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने वापरावी, हे तत्त्व संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मानले आहे. म्हणून अशी साधने कोणत्याही कामावर येतील, तेव्हा आकडा प्रथम मजुराला कळावा, त्याच्या भाषेत कळावा, आणि त्यावरून त्याची रोजी जाऊ नये, हे पाहणे आपले कर्तव्य ठरेल.

तोवर आपण हात बांधून बसण्याचे कारण नाही. शिक्षकांनी शाळेत एक सोपा प्रयोग करून दाखवावा : खेळापूर्वी व खेळानंतर मुलांचे वजन घ्यावे. एक किलो वजन घटले, तर सुमारे एक लिटर घाम गेला असे समजावे. मध्यंतरी पाणी प्यायले असल्यास तेही जमेस धरावे. लघवी गडद पिवळी झाली, तर बहुधा शरीराला पाणी कमी पडते आहे. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास शेतावर मिठाची पेज आणि खारातला आंबा जात असे. त्या न्याहारीत पाणी व मीठ दोन्ही होती. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मीठ वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. या वेळी घाम येतो की नाही, याची वाट पाहत बसू नये. राबणाऱ्याचे अंग ओले असतानाही उष्माघात होऊ शकतो.

यंत्रे येतील, स्वस्तही होतील. परंतु दुपारी काम थांबविण्याचा निर्णय यंत्र घेत नाही, तो मुकादम घेतो. पिण्याचे पाणी व सावली यंत्र पुरवीत नाही, ती पंचायतीने व ठेकेदाराने पुरवावयाची असते. येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या गावातील प्रत्येक कामावर या दोन गोष्टी आहेत की नाहीत, एवढे आपण पाहिले, तरी आजची ही सभा कारणी लागली असे मी समजेन.