कलिंगडाची टोपी घालणारा प्रेक्षक

कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतं, मोठमोठी सरोवरं येतात आणि अलीकडे तिकडे शिकायला गेलेला गावातला एखादा मुलगा येतो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो त्या देशातल्या एका साध्या माणसाविषयी. त्याला नाव नाही. हजारोंतला कोणीही समजा. सस्कॅचेवान नावाच्या प्रांतात तो शेती करतो, किंवा शाळेत शिकवतो, किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. आणि हंगाम आला की रेजायना शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर डोक्यात कलिंगड घालून बसतो. होय, कलिंगडच! ते कापायचं, आतला गर खाऊन टाकायचा, तोंडापुरती खाच पाडायची आणि हिरवीगार साल शिरस्त्राणासारखी डोक्यावर चढवायची. रस मानेवरून ओघळतो, पण हा गडी हलत नाही. त्याच्या संघाचा रंग हिरवा, म्हणून हे सोंग.

आता हा संघ कोणता आणि हा प्रांत केवढा, ते आधी पाहू. सस्कॅचेवान विस्ताराने आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, साडेसहा लाख चौरस किलोमीटर. वस्ती मात्र बारा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्यात चारदोन शहरं मिळवावीत इतकीच. दक्षिणेला सपाट माळरान, गहू, मोहरीसारखी पिवळी कॅनोला, मसूर, वाटाणा. उत्तरेला अरण्य. आणि या एवढ्याशा वस्तीने पोसलेला संघ म्हणजे सस्कॅचेवान रफरायडर्स. रेजायनाचं नवं मैदान २०१७ साली खुलं झालं. त्यात तेहेतीस हजार माणसं बसतात. तीनचार तास मोटार हाकून लोक तिथे येतात.

खेळाचं नाव फुटबॉल असलं तरी आपण शाळेत पायाने खेळतो तो हा नव्हे. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो हातात घेऊन पळायचं, फेकायचा, अडवणाऱ्याला पाडायचं. अमेरिकेतला असा खेळ तुम्ही चित्रपटात पाहिला असेल. कॅनडाचा त्याचा सख्खा भाऊ. आणि कॅनडावाले म्हणतील, थोरला भाऊ. त्यात तथ्य आहे. १८७४ साली मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठाची मुलं अमेरिकेत हार्वर्डला खेळायला गेली. चेंडू उचलून पळण्याची त्यांची रीत हार्वर्डच्या मुलांना आवडली आणि अमेरिकेतल्या खेळाला तिथून वळण लागलं.

पुढे दोघांचे नियम वेगळे झाले. दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात, कॅनडात तीनच. आपल्या कबड्डीत जशी चढाई, तशी ही एकेक संधी समजा. तिला तिकडे डाऊन म्हणतात. अमेरिकेत अकरा खेळाडू, कॅनडात बारा. अमेरिकेचं मैदान शंभर यार्ड लांब, कॅनडाचं एकशेदहा, आणि रुंदीलाही ऐसपैस. संधी कमी आणि जागा जास्त, म्हणून धोका पत्करावा लागतो. कलिंगडवाल्याचं म्हणणं असं की, चौथी संधी ही आळशी माणसाची सोय आहे. मला विचाराल तर यात थोडी शेजाऱ्याशी चढाओढही आहे. पण ती सोडून द्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. हा संघ कोणा शेठजीचा नाही. १९१० साली रेजायनात हा क्लब निघाला, आणि आजही तो लोकांच्या मालकीचा आहे. आपल्या सहकारी सोसायटीसारखं म्हणा ना. भाग विकत घेतले त्या माणसाला नफा मिळत नाही. चौकटीत लावायला एक कागद मिळतो आणि सभेत बोलायचा हक्क मिळतो. १९४८ मध्ये कारभाऱ्यांपैकी एकाला शिकागोत हिरव्या-पांढऱ्या सदऱ्यांचे दोन संच स्वस्तात दिसले. ते घेतले, आणि तोवरचा लाल-काळा रंग सुटला. आज ज्या रंगापायी लोक डोक्यावर कलिंगड घालतात, त्याचं मूळ दुकानातल्या स्वस्त मालात आहे. १९८७ साली क्लब कर्जात बुडाला, तेव्हा दूरचित्रवाणीवरून हाक घालून लोकांकडून वर्गणी जमवली. संघ वाचला आणि १९८९ मध्ये त्याने देशाचा ग्रे करंडक जिंकला. पहिला करंडक १९६६ चा. त्याआधी १९२८ ते १९३२ अशी ओळीने पाच वर्षं हा संघ अंतिम सामन्यात गेला आणि पाचही वेळा हरून आला. दुष्काळी मुलखातल्या माणसाची चिकाटी याहून निराळी काय असते?

हरण्यावरून २००९ सालची गोष्ट सांगायला हवी. बारा खेळाडूंचा संघ, म्हणून प्रेक्षकांना कौतुकाने तेरावा गडी म्हणायचा तिथे प्रघात. त्या वर्षी अंतिम सामना मॉन्ट्रिऑलशी होता. शेवटचा क्षण, रफरायडर्स २७, मॉन्ट्रिऑल २५. मॉन्ट्रिऑलच्या खेळाडूने लाथ मारली आणि चेंडू खांबांच्या बाहेरून गेला. जिंकलो! इतक्यात पंचांचा रुमाल जमिनीवर पडलेला दिसला. रफरायडर्सचे मैदानावर तेरा खेळाडू उभे होते. दंड झाला, दहा यार्ड जवळून पुन्हा लाथ मारायला मिळाली, आणि सामना २८-२७ असा गेला. तेरावा गडी खरोखरच मैदानात उतरला आणि घात करून गेला. आमचा प्रेक्षक हे आजही हसत सांगतो, पण ते हसू कसं असतं ते हातचं पीक गारपिटीत गेलेल्याला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, खेळाची आवड ठीक आहे. राजकारण आणि पर्यावरण यांत कुठे आलं? तर त्या गॅलरीत बसून पाहा. मध्यंतराची शिट्टी झाली की बोलणं तिकडेच वळतं, आणि वळण्याला कारण आहे. ज्या लोकांनी वर्गणीतून संघ चालवला, त्याच लोकांनी वर्गणीतून दवाखाना चालवला. १९४४ पासून टॉमी डग्लस या प्रांताचे मुख्यमंत्री होते. सरकारी विम्यातून प्रत्येकाला डॉक्टर, ही कल्पना त्यांनी मांडली. ते देशाच्या राजकारणात गेल्यावर त्यांच्या मागून आलेले वुड्रो लॉइड यांनी ती १ जुलै १९६२ ला अमलात आणली. त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. तेवीस दिवस संप चालला. शेवटी तडजोड झाली आणि योजना टिकली. पुढे १९६६ मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. म्हणजे करंडक आणि हा कायदा एकाच वर्षी! कलिंगडवाला आज कोणत्याही पक्षाला मत देवो, बहुधा डाव्यांना देत नाही, पण दवाखान्याच्या योजनेला हात लावलेला त्याला खपत नाही.

पर्यावरणाच्या बाबतीत त्याचं मत जरा गुंतागुंतीचं आहे, आणि ते तसं असण्याला इतिहास आहे. १९३० नंतरच्या दशकात या माळरानावर पाऊस रुसला. नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्याने उडाली, कुंपणं मातीत बुडाली, घरं सोडून माणसं निघून गेली. तेव्हा १९३५ साली केंद्र सरकारने खास कायदा करून माळरान सावरण्याचं काम हाती घेतलं. झाडांच्या रांगा लावल्या, तळी खोदली आणि खराब झालेली जमीन पुन्हा गवताखाली आणून सामाईक गायरानं केली. या गायरानांत शेतकऱ्यांची गुरं चरत आणि त्याच गवतात रानपाखरं अंडी घालत. २०१२ मध्ये केंद्राने ही गायरानं आपल्या हातून सोडायचं ठरवलं. पुढच्या काही वर्षांत ती प्रांताकडे आणि तिथून चारणाऱ्यांच्या मंडळांकडे गेली. आजोबांनी धूळ खाल्ली होती, तो नातू यावर गप्प कसा बसेल?

पण हाच नातू कार्बन कराचं नाव काढलं की भडकतो. इंधन जाळलं की हवा तापते, म्हणून इंधनावर कर, असा कायदा केंद्राने २०१९ पासून या प्रांताला लावला. ट्रॅक्टरच्या डिझेलला सूट होती, पण ओलं धान्य वाळवायला जो गॅस जाळावा लागतो त्याला नव्हती. प्रांत न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. शेवटी १ एप्रिल २०२५ पासून सामान्य माणसावरचा हा कर केंद्रानेच उठवला. गॅलरीत टाळ्या पडल्या असतील. आणि त्याच उन्हाळ्यात उत्तरेकडची अरण्यं पेटली. मेअखेरीस प्रांताने आणीबाणी पुकारली, हजारो लोकांना गावं सोडावी लागली. ११ जुलैला रेजायनात कॅल्गरीविरुद्ध सामना होता. वणव्याच्या धुराने हवा इतकी बिघडली की सामना दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला. कर नको आणि धूरही नको, ही दोन्ही मतं एकाच माणसाच्या तोंडी असतात. त्याला दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. धान्य वाळवण्याचं बिल त्याला दर महिन्याला दिसतं, हवेचं बिल एखाद्या जुलैत येतं.

इथे आपला आणि त्याचा एक धागा आहे, तोही सांगून टाकतो. आपल्याकडे येणारा मसूर आणि पिवळा वाटाणा यांतला बराचसा याच माळरानावरचा. २०१७ च्या नोव्हेंबरात भारताने वाटाण्यावर ५० टक्के आयातकर बसवला तेव्हा त्याचं नुकसान झालं. २०२३ च्या डिसेंबरात कर माफ झाला, स्वस्त वाटाणा आला, आणि इकडे तुरीचा भाव पडतो म्हणून विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी ओरडला. २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा ३० टक्के कर लागला. एकाचा दिलासा तो दुसऱ्याचा घाटा. त्यातच २०२५ च्या मार्चमध्ये चीननेही कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के कर लावला होता. दिल्ली आणि बीजिंग ही नावं रेजायनाच्या गॅलरीत का ऐकू येतात, हे आता लक्षात आलं असेल.

आणि अमेरिका? २०२५ च्या आरंभी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाने आपलं एक्कावन्नावं राज्य व्हावं अशी भाषा लावून धरली, तेव्हा कॅनडातल्या क्रीडागारांत अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळी प्रेक्षकांनी हुर्यो केली. फुटबॉलमधली ही भीती मात्र जुनी आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका नव्या लीगचा संघ टोरोंटोत येणार होता. केंद्रीय मंत्री मार्क ललोंद यांनी तो रोखण्यासाठी संसदेत विधेयकच आणलं. विधेयक मंजूर होण्याआधी निवडणूक लागली, पण तो संघ धसका घेऊन अमेरिकेत मेम्फिसला निघून गेला. पुढे १९९३ पासून कॅनडाच्या लीगनेच उलट अमेरिकेत संघ काढून पाहिले. १९९५ चा अंतिम सामना रेजायनातच झाला आणि करंडक जिंकला बाल्टिमोरने! लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेतले सगळे संघ मिटले; बाल्टिमोरचा संघ गाशा गुंडाळून मॉन्ट्रिऑलला आला. आमच्या प्रेक्षकाला ही गोष्ट सांगायला फार आवडते.

म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरातली बातमी त्याला झोंबली. लीगने नियम बदलायचं जाहीर केलं. कॅनडात एक गमतीचा गुण आहे: लाथाडलेला चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात गेला आणि त्यांना तो बाहेर आणता आला नाही, तर एक गुण मिळतो. नेम चुकल्याबद्दल बक्षीस, असं हिणवणारे म्हणतात. २०२६ पासून चेंडू नुसताच पट्ट्याबाहेर गेला तर हा गुण मिळू नये, असं ठरलं. २०२७ पासून गोलखांब मागे जायचे आणि मैदान एकशेदहाचं शंभर यार्ड व्हायचं. लीगचं म्हणणं, याने खेळ वेगवान होईल आणि गुण जास्त होतील. संधी तीनच राहतील, खेळाडू बाराच राहतील, असंही त्यांनी सांगितलं. हे अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही. पण शेजारच्या घराच्या मापाने आपला ओटा कापायचा, आणि तोही त्याच वर्षी, याचा राग मी समजू शकतो.

त्या राग-लोभातच १६ नोव्हेंबर २०२५ ला विनिपेगमध्ये रफरायडर्सनी मॉन्ट्रिऑललाच २५-१७ असं हरवून पाचवा करंडक आणला. एकशेदहा यार्डांच्या मैदानाची मधली रेषा पंचावन्नाव्या यार्डावर असते. अमेरिकेत ती पन्नासावर. त्या पंचावन्नाच्या समोरची जागा तिकडे बापाकडून मुलाकडे जाते. पावसात आणि बर्फातही ती रिकामी राहत नाही. जाहीर केल्याप्रमाणे झालं तर २०२७ च्या जूनमध्ये ही रेषा पुसली जाईल. खुर्ची तीच राहील, समोरचा आकडा बदलेल, आणि पहिल्याच सामन्यात त्या खुर्चीवरून काय ओरडलं जाईल याची मला आत्ताच कल्पना आहे.