सुधारित अंदाजाचा रकाना

बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबई महानगरपालिकेचे अंदाजपत्रक सादर होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्याचे आकडे मोठ्या टाइपात छापून येतात. एवढे कोटी रस्त्यांना, एवढे इस्पितळांना, एवढे शाळांना. वाचक ते वाचतो, मान डोलावतो, आणि पान उलटतो. त्याच अंदाजपत्रकात, येत्या वर्षाच्या आकड्यांच्या शेजारी, दुसरा एक रकाना असतो. त्याचे नाव 'सुधारित अंदाज'. गेल्या वर्षी याच सुमारास जे आश्वासन दिले होते, त्यापैकी प्रत्यक्षात किती पाळता येणार आहे, हे त्या रकान्यात लिहिलेले असते. त्याला मथळा मिळत नाही, आणि तो वाचण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. आजच्या भाषणाचा विषय हा दुर्लक्षित रकाना आहे.

शहराचा जमाखर्च समजावून सांगताना घरप्रपंचाची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती काही अंतरापर्यंतच चालते. नोकरदार गृहस्थाला पहिल्या तारखेस हाती किती रक्कम पडणार हे ठाऊक असते. नगराला ते ठाऊक नसते. घरपट्टी किती वसूल होईल, नवीन इमारती किती उठतील आणि त्यांच्या परवान्यांचे शुल्क किती येईल, सरकारी अनुदान वेळेवर पोचेल की नाही, हे सारे अंदाज असतात. म्हणूनच त्या कागदाला हिशेबपत्रक न म्हणता अंदाजपत्रक म्हणतात. अंदाज म्हटला की तो चुकणार, आणि चुकला की वर्षाच्या मध्यावर तो पुन्हा तपासून पाहणे ओघानेच आले. त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न एवढाच, की तो कोणी तपासावा, केव्हा, आणि कोणासमोर.

मुंबईपुरते या प्रश्नाचे उत्तर १८८८ सालच्या महानगरपालिका कायद्यात दिलेले आहे, आणि ते मोठे सरळ आहे. पालिकेचे वर्ष १ एप्रिलपासून धरावयाचे. वर्षाअखेर निदान एक लाख रुपये शिल्लक राहतील अशा बेताने अंदाज मांडावयाचे. (त्या काळी एक लाख ही रक्कम लहान नव्हती, आज तीवर एखाद्या गल्लीचे गटारही नीट व्हावयाचे नाही. असो.) वर्षाच्या मध्यंतरी उत्पन्न खर्चाला पुरणार नाही, असे स्थायी समितीच्या निवेदनावरून दिसून आले, तर महानगरपालिकेने विनाविलंब उपाय मंजूर केलेच पाहिजेत, असे कायदा सांगतो. उपायही तो सांगतो : मंजूर खर्च कमी करावा, किंवा जादा कर बसवावा, अथवा चालू करांचे दर वाढवावेत, किंवा यांपैकी जे योग्य वाटतील ते सारे करावे. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, हे काम ऐच्छिक नाही. ते बंधनकारक आहे. दुसरी, ते एकट्या आयुक्तांचे नाही. समितीने निवेदन करावयाचे आणि सभागृहाने निर्णय घ्यावयाचा, म्हणजे नगरसेवकांनी उभे राहून, नागरिकांच्या देखत, 'अमुक काम आम्ही यंदा करीत नाही' असे म्हणावयाचे.

हीच व्यवस्था पुढे मुंबई इलाख्यातील इतर शहरांसाठी १९४९ साली झालेल्या कायद्यात बव्हंशी उतरली. पुण्याचा कारभार त्याच कायद्यावर चालतो, आणि राज्ये वेगळी झाल्यावर अहमदाबाद, सुरत व वडोदरे येथेही त्याचीच गुजराती आवृत्ती लागू राहिली. तेव्हा मुंबईचे उदाहरण वडोदऱ्याच्या श्रोत्यांना परके वाटण्याचे कारण नाही. इंदूर, बेळगाव आणि पणजी यांचे कायदे निराळे असले, तरी अंदाज मंजूर करणे आणि मग त्यात फेरफार करणे हा व्यवहार तेथेही चुकलेला नाही.

आता काटछाट कशी होते ते पाहू. खर्चाच्या बाजूस काही रकमा अशा असतात की त्यांना हात लावता येत नाही. सफाई कामगारांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांचे पगार, निवृत्तांचे वेतन, कर्जावरील व्याज, पंपांची व दिव्यांची वीज. या देण्यांना मुदत असते, आणि ती चुकली तर दारात माणसे उभी राहतात. मग कात्री चालते ती जेथे कोणी उभा राहात नाही तेथे. पूल रंगवावयाचा असतो; तो पुढच्या वर्षी रंगवता येईल. नाल्याची भिंत खचू लागलेली असते; अद्याप ती पडलेली नाही. शाळेचे छप्पर गळते; पावसाळा तर संपला. दुरुस्ती या खात्याचे दुर्दैव असे, की ती न केल्याचे फळ त्याच वर्षी दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी दिसते, आणि तेव्हा ज्यांनी ती रक्कम वळती केली ते त्या जागेवर नसतात.

आणखी एक भाग आहे, आणि तो आपल्या हवामानाशी निगडित आहे. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मंजुरी, निविदा, करार यांत दोन महिने सहज जातात, आणि तोवर मृग नक्षत्र लागते. जून ते सप्टेंबर मुंबईत रस्ते खणण्याची सोय नसते. ऑक्टोबरात, म्हणजे निम्मे वर्ष सरल्यावर, खरे काम सुरू होते; आणि डिसेंबरात खाती आपापले सुधारित अंदाज कळवू लागतात. सहा महिन्यांत खर्च थोडा झालेला असतो. मग हिशेबनीस विचारतो, 'एवढी रक्कम मार्चअखेर खरोखर खपणार आहे का?' प्रामाणिक अभियंता नाही म्हणतो. रक्कम कमी होते. यात कोणाचीही लबाडी नाही. परंतु ज्या वस्तीला तो रस्ता मिळावयाचा होता तिच्या हाती या प्रामाणिकपणातून काही पडत नाही. उलट मार्च जवळ आला की उरलेली तरतूद कशीबशी संपवण्याची घाई होते, तिच्यातून जे डांबर पडते त्याबद्दल न बोललेलेच बरे.

या रोगाचे निदान २०१७ साली आकड्यांतच बाहेर आले. २०१६-१७ चे मुंबईचे अंदाजपत्रक ३७,०५२ कोटी रुपयांचे होते. पुढच्या, २०१७-१८ सालासाठी आयुक्त अजोय मेहता यांनी ते एकदम २५,१४१ कोटींवर आणले. म्हणजे जवळजवळ १२,००० कोटी रुपये कागदावरून पुसले गेले. शहर एका रात्रीत गरीब झाले होते असे मुळीच नव्हे. रकमा मांडल्या जात होत्या, परंतु त्या खर्च होत नव्हत्या. तेव्हा जेवढे करणे शक्य आहे तेवढेच लिहावे, असा त्यामागचा विचार होता. टीका झाली, आणि ती साहजिक होती. परंतु ज्यांनी आधीच्या वर्षांचे सुधारित रकाने चाळले होते, त्यांना त्या आकड्याने धक्का बसण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षाच्या मध्यावर जमेची बाजूही मुळापासून बदलली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचा जकात कर गेला. तोवर जकात हा पालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा होता. तीन महिने जकात आणि नऊ महिने राज्य सरकारकडून भरपाई, असे ते विचित्र वर्ष झाले. ही भरपाई कायद्याने ठरलेली असून दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. नाक्यावर बसून स्वतः कर वसूल करणारे नगर महिन्याच्या महिन्याला राज्याकडून रक्कम घेणारे झाले, ही गोष्ट अभिमानाला बोचणारी खरी. पण तीनच वर्षांनी तिचा उपयोग कळून आला.

२०२०-२१ चे अंदाजपत्रक ४ फेब्रुवारी २०२० रोजी मांडले गेले. रक्कम ३३,४४१ कोटी. ते अमलात यावयाच्या आतच, मार्चच्या अखेरच्या आठवड्यात, देशभर टाळेबंदी झाली. १ एप्रिलला वर्ष उजाडले ते बंद शहरावर. मालमत्ता करापासून ६,७६८ कोटी रुपये यावेत अशी अपेक्षा होती. सुधारित अंदाज ४,५०० कोटींवर उतरला. इमारतींचे परवाने देणाऱ्या विकास नियोजन खात्याकडून ३,८७९ कोटी यावयाचे होते, ते १,२०० कोटींवर आले. या दोनच बाबींत मिळून ४,९४७ कोटींची तूट. जकात असती तर बंद बाजारपेठांबरोबर तीही आटली असती. भरपाई मात्र कायद्याने बांधलेली होती. शिवाय मुंबईपाशी हजारो कोटींच्या ठेवी आहेत. ज्या गावांना असल्या ठेवी नाहीत तेथील नगरपालिकांचे त्या वर्षी काय झाले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

खर्चाची बाजू तर अंदाजाच्या पलीकडे गेली होती. मार्च २०२० मध्ये स्थायी समितीने प्रशासनाला तातडीचा खर्च आधी मंजुरी न घेता करण्याची मुभा दिली. खाटा, प्राणवायू, तात्पुरती रुग्णालये यांसाठी सभेची वाट पाहणे शक्य नव्हते. मुभा देणे योग्यच होते. तिची दुसरी बाजू अशी, की हिशेब मागाहून यावयाचे होते, आणि ते येऊ लागले तेव्हा तपशील अपुरा असल्याच्या हरकती नगरसेवकांनी घेतल्या.

अशी अवेळी आलेली साथ मुंबईने पूर्वीही पाहिली होती. २३ सप्टेंबर १८९६ रोजी, म्हणजे पालिकेचे वर्ष नेमके अर्धे होत असताना, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी स्थायी समितीत उभे राहून मांडवी भागात प्लेग आल्याचे सांगितले. गोव्यातील हडफडे गावचे हे डॉक्टर त्या समितीचेच सभासद होते. एप्रिलमध्ये मंजूर झालेल्या कागदावर प्लेगचे नाव असणे शक्य नव्हते. घरे धुण्यास, गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडण्यास, चुना फासण्यास, आजाऱ्यांना हलवण्यास लागणारा पैसा वर्षाच्या मध्यावरच उभा करावा लागला. व्हिएगस १९०६ साली महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की वाईट बातमी प्रथम समितीच्या बैठकीत सांगितली गेली, आणि पैशाची गरज का पडली हे पैसे देणाऱ्यांना ठाऊक होते.

त्या प्लेगमुळे १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. इतिहासाची गंमत अशी, की सव्वाशे वर्षांनंतर भारताच्या महालेखापरीक्षकांनी पालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांची तपासणी हाती घेतली, तेव्हा करोनाकाळातील सुमारे ३,५३८ कोटींच्या खर्चाची कागदपत्रे देण्यास पालिकेने नकार दिला, आणि त्यासाठी जे आधार पुढे केले त्यांत हाच १८९७ चा कायदा होता. रोग्यांच्या बंदोबस्तासाठी केलेला कायदा वह्या बंद ठेवण्याच्या कामी यावा, हे त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. लेखापरीक्षकांचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेपुढे आला, त्यात उरलेल्या कामांविषयीचे आक्षेप होते. करोनाच्या खर्चाचे पान त्यात नव्हते.

दरम्यान दुसरी एक गोष्ट घडून गेली होती. मार्च २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि आयुक्तच प्रशासक झाले. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी अंदाजपत्रक आयुक्तांनी तयार केले, आणि स्थायी समितीचे व सभागृहाचे अधिकार धारण करून त्यांनीच ते मंजूर केले. सुधारित अंदाजांचेही तेच. निवेदन करणारा, ते ऐकणारा आणि निर्णय घेणारा एकच. आकडे कदाचित अधिक काटेकोर झाले असतील, सही तर निश्चितच लवकर झाली. मात्र 'हा नाला यंदा का गाळला?' असे विचारावयास त्या दालनात त्या नाल्याकाठच्या प्रभागाचा कोणी नव्हता.

अंदाजपत्रकाच्या प्रती पालिका प्रसिद्ध करते, आणि त्या कोणालाही पाहता येतात. एखाद्या बाबीसमोर तीन आकडे शेजारीशेजारी सापडतात : सरत्या वर्षाचा मूळ अंदाज, त्याचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अंदाज. पहिला मोठा, मधला लहान आणि तिसरा पुन्हा मोठा, असे ज्या कामासमोर लागोपाठ दोन-तीन वर्षे दिसेल, ते काम कोणत्या प्रभागातले आहे एवढे फक्त शोधून पाहावे.