परप्रांतीच्या विद्यापीठाचे शुल्क
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



इतकी पदवीधर मंडळी समोर बसली असता उच्च शिक्षणावर बोलण्याचे काम आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाकडे यावे, हा योग मौजेचा खरा. परंतु विषय शिक्षणाचा दिसला तरी प्रश्न पैशाचा आहे, आणि हाती पैसा नसणे म्हणजे काय हे समजण्यास पदवी लागत नाही.

परप्रांतीच्या विद्यापीठाशी संबंध येणे आपल्या भागाला नवे नाही. गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ आले ते २०११ साली. त्यापूर्वी आपण नागपूर विद्यापीठाचे, आणि तेही १९२३ चे. त्याच्याही आधी नागपुरास महाविद्यालये होती. हिस्लॉप तर १८८३ पासून. पण तेथील विद्यार्थी परीक्षा देत ती प्रथम कलकत्ता विद्यापीठाची व पुढे अलाहाबादची. तेव्हा मुलाने बाहेरच्या विद्यापीठाचे नाव काढताच घरातल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. बल्लारशाहून गाडीत बसले की काझीपेठ येते, आणि तेथून वरंगळची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या मते आपल्या कित्येक गावांना पुण्यापेक्षा वरंगळ जवळचे.

आता शुल्काचे पाहू. केंद्र सरकारच्या संस्थांत मुलगा कोणत्या राज्याचा यावरून शिकवणीचे शुल्क बदलत नाही. २०१६ साली आय.आय.टी.चे हे शुल्क वर्षाला दोन लक्ष रुपये झाले, राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचे सव्वा लक्ष. हे आकडे ऐकून पुष्कळ पालक तेथेच थांबतात. पुढची ओळ वाचीतच नाहीत. ती ओळ अशी की, अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांस हे शुल्क पूर्ण माफ आहे. इतर कोणत्याही समाजाच्या मुलाचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला एक लक्षाच्या आत असेल तर त्यासही पूर्ण माफ, आणि एक ते पाच लक्षांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. आपल्या समाजातील बहुतेक शेतकरी कुटुंबे या दोन पायऱ्यांवरच बसतात. वसतिगृह व खानावळ यांचा खर्च मात्र या माफीत येत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

जेथे माफी नाही तेथे गोष्ट निराळी. गोदावरीच्या अलीकडे सिरोंचा, पलीकडे काळेश्वर, मध्ये पूल. पण तेलंगण सरकार आपल्या विद्यार्थ्यांच्या शुल्काची जी भरपाई करते, ती तेथील रहिवाशांपुरतीच. पूल ओलांडून गेलेल्या आपल्या मुलास ती मिळत नाही. उलट आपल्या राज्याची शुल्क-सवलत राज्यातील संस्थांत रीतसर प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. २०२४ पासून आठ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी शुल्क पूर्ण माफ झाले, तेही याच अटीवर. म्हणून मुलीस नागपूर व हैदराबाद दोन्हीकडे जागा मिळत असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र सीमा पाळीत नाही. विद्यार्थी ज्या राज्याचा, ते राज्य ती देते; तो देशात कोठेही शिको. उत्पन्नाची मर्यादा अडीच लक्ष. पण इतर मागासवर्गीयांस तिच्यातून मिळते ती अभ्यासक्रमानुसार वर्षाला पाच ते वीस हजार. एवढ्यावर वर्ष निघत नाही. शिवाय केंद्रीय संस्थेत राज्याच्या नमुन्यातील इतर मागासवर्गाचा दाखला चालत नाही. जात केंद्राच्या यादीत असावी लागते, व दाखला केंद्राच्या नमुन्यातील आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. तहसील कचेरीत तो मागताना तोंडाने स्पष्ट सांगावे, नाहीतर हाती दुसराच कागद पडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांची. रक्कम काही डोळे दिपविणारी नव्हे. परंतु किती मिळणार व किती काळ मिळणार, हे निघण्यापूर्वी ठरलेले होते. आपल्या मुलांस नेमकी हीच निश्चिती नसते.

प्रवेशाची यादी लागते जून-जुलैमध्ये, आणि जागा राखण्याचे पैसे चार-दोन दिवसांत भरावे लागतात. त्याच सुमारास आपल्याकडे पऱ्हे टाकलेले असतात, रोवणीची मजुरी द्यायची असते, खताची पोती आणायची असतात. तेंदूपत्त्याचे मे महिन्यातले पैसे बियाण्यात गेलेले. धान निघणार दिवाळीनंतर, आणि खरेदी केंद्राचे चुकारे त्याहूनही मागाहून. शिष्यवृत्ती कधी हिवाळ्यात येते, कधी पुढील वर्षी. आमच्या एका विद्यार्थ्याने अशाच आषाढात मिळालेली जागा सोडली. त्याचे शिकवणी शुल्क माफ होणार होते. जागा राखण्याची रक्कम, प्रवासखर्च व खानावळीची अनामत एवढे घरात नव्हते. वडिलांनी सावकाराकडे जाण्याची तयारी दाखविली, तेव्हा मुलानेच नको म्हटले. आज तो धानगिरणीत हिशेब लिहितो, आणि उत्तम लिहितो.

बँकेचे कर्ज आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील प्रवेशास तारण व जामीन लागत नाही. आठ लक्षांपर्यंतच्या उत्पन्नास दहा लक्षांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात तीन टक्के सूट आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ही सूट मिळत नाही. आणि ते कर्ज मंजूर होईपर्यंतही दिवस जातातच.

म्हणून मंडळापुढे आमची सूचना आहे. गुणवंतांच्या सत्कारात शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह यांवर दर वर्षी जे खर्च होते, ते एक वर्ष बाजूला काढून त्याचा स्वतंत्र निधी करावा. त्यातून देणगी देऊ नये, बिनव्याजी उसने द्यावे; जून ते दिवाळी एवढ्या मुदतीसाठी, फक्त जागा राखणे, प्रवास व पहिली अनामत यांकरिता. धान विकले अथवा शिष्यवृत्ती आली की पैसे परत यावेत, म्हणजे तीच रक्कम पुढल्या आषाढात दुसऱ्या घरी जाईल. मागणाऱ्याचे नाव स्मरणिकेत छापू नये. अर्ज मे महिन्यातच घ्यावेत आणि त्याच वेळी दाखले तपासून द्यावेत. हे तपासण्याचे काम आम्ही व आमचे दोन निवृत्त सहकारी विनामूल्य करू. सत्कार नारळावर भागतो. मुलांना राग येणार नाही, आम्ही विचारून पाहिले आहे.

आमच्याकडून पाच हजार रुपये आम्ही सोबत आणले आहेत. कोषाध्यक्षांनी पावती फाडावी, म्हणजे आम्ही खाली बसतो.